खिडकी का उघडत नाही?

तासगावात बसून पुण्याच्या आयसरमधील ‘परम ब्रह्म’सारख्या महासंगणकाशी जोडले जाता येते. अक्षरे येतात, पण आलेखाची खिडकी काही उघडत नाही! अशा वेळी ‘एक्सहोस्ट अधिक’ ही आज्ञा देऊन पडद्याची दारे सताड उघडण्याचा सल्ला मला मुळीच पटत नाही. आपण काय टंकतो, तेही मग परक्याला टिपता येते.

१९८४ साली एमआयटीत जन्मलेल्या एक्स विंडो पद्धतीत ‘सर्व्हर’ असतो आपल्यासमोर. दूरचा प्रोग्राम त्याचा ग्राहक. गंमतच आहे ना? एसएसएचने जोडताना ‘एक्स’ हा पर्याय दिला, की दूरच्या यंत्रावरील ‘डिस्प्ले’ हे चल आपोआप भरते. ते रिकामे दिसले, तर पर्याय द्यायचा राहिला असेल, तिकडे परवानगी बंद असेल किंवा ‘एक्सऑथ’ नसेल. त्यात हाताने आपल्या यंत्राचा पत्ता मात्र भरू नका. चित्रे सांकेतिक वाहिनीबाहेरून उघडी जातात.