पहिली कालवड शेजाऱ्याला

आज वसुबारस. दिवाळीचा पहिला दिवा लागतो तो गोठ्यात, गाय-वासराच्या पुढ्यात. ज्या घरांत हा सण नेमाने पाळतात तिथे आज दूध-तूप आणि गहू वर्ज्य. पानात बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. शहरात गोठे उरले नाहीत, म्हणून सोसायटीच्या फाटकाशी कुणीतरी गाय-वासरू आणून उभे करतो, गवताची पेंढी तिथेच विकत मिळते आणि ओवाळणे पाच मिनिटांत उरकते. त्यात वाईट काही नाही. मात्र गायीविषयीची भक्ती आणि गाय पोसण्याचा खर्च या दोन गोष्टी आपल्याकडे एका वहीत क्वचितच मांडल्या जातात. ज्यांनी त्या मांडल्या, त्यांपैकी काही माणसांची आठवण आजच्या दिवशी काढावीशी वाटते. ही माणसे गायीला देवता मानणारी नव्हती. ती अमेरिकेतल्या खेड्यांतली ख्रिस्ती शेतकरी मंडळी होती, आणि दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ती जहाजांच्या तळघरांत शेण काढत होती.

गोष्टीची सुरुवात स्पेनमध्ये होते. तिथल्या यादवी युद्धात, 1937-38 च्या सुमारास, डॅन वेस्ट नावाचा इंडियाना राज्यातला एक शेतकरी मदतकार्यासाठी गेला होता. तो ब्रेदरेन या पंथाचा. मेनोनाइट आणि क्वेकर यांच्याप्रमाणेच हा पंथही शस्त्र हाती न घेणाऱ्यांचा. वेस्टकडे काम होते निर्वासितांच्या मुलांना भुकटीचे दूध वाटण्याचे. दूध थोडे, मुले फार. आज कुणाला द्यायचे आणि कुणाला परत पाठवायचे हे त्यालाच ठरवावे लागे. घरी इंडियानात त्याच्या स्वतःच्या लेकरांना दुधाची ददात नव्हती. या लोकांना पेलाभर दूध देण्यापेक्षा गायच का देऊ नये, हा विचार त्याला तिथे सुचला. विचार म्हणून तो कुणालाही सुचला असता. वेस्टचे वेगळेपण पुढच्या अटीत आहे: ज्याला गाभण कालवड मिळेल त्याने तिची पहिली मादी वासरी दुसऱ्या गरजू कुटुंबाला द्यायची. म्हणजे घेणारा दोन-तीन वर्षांत देणारा होणार. उपकाराचे ओझे त्याच्या डोक्यावर कायमचे राहणार नाही.

गावी परतल्यावर त्याने हे पंथातल्या शेतकऱ्यांपुढे मांडले. 1942 मध्ये उत्तर इंडियानातल्या ब्रेदरेन मंडळींनी योजना उचलून धरली. पहिल्या तीन कालवडींची नावे ठेवली गेली फेथ, होप आणि चॅरिटी. बायबल वाचणाऱ्याला ती त्रयी लगेच ओळखू येईल. युद्ध चालू असल्याने युरोपला जहाज मिळेना. म्हणून पहिली खेप 1944 च्या जुलैमध्ये प्वेर्तो रिको बेटावर गेली आणि 17 कालवडी तिथल्या कुटुंबांना मिळाल्या. ‘हेफर प्रोजेक्ट’ या नावाने सुरू झालेले ते काम आज ‘हेफर इंटरनॅशनल’ म्हणून अर्कान्सास राज्यातल्या लिटल रॉकहून चालते.

युद्ध संपले तेव्हा युरोपातल्या शेतीची दशा काय होती हे आज समजून घेणे अवघड आहे. पोलंडमध्ये नांगराला जुंपायला घोडे नव्हते. सैन्यांनी जाता-येता जनावरे नेली होती, खाल्ली होती, मारली होती. शेत होते, बियाणे कुठूनतरी आले असते, पण ओढणार कोण? संयुक्त राष्ट्रांच्या ‘उन्रा’ या पुनर्वसन संस्थेने अमेरिकेतून जनावरे पाठवायचे ठरवले. जहाजे मिळाली, जनावरे मिळाली, पण समुद्रावर त्यांची उस्तवार करायला माणसे मिळेनात. इथे ब्रेदरेन मंडळींनी सौदा केला: माणसे आम्ही देतो, तुम्ही आमच्या कालवडी फुकट न्या. चर्चने केलेले इतके रोकडे व्यवहार इतिहासात थोडेच सापडतील. 1945 ते 1947 या काळात सुमारे सात हजार पुरुष आणि पोरे या जहाजांवर गेली. सोळा वर्षांच्या मुलापासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत. त्यांना नाव पडले ‘सीगोइंग काउबॉय’, दर्यावर्दी गुराखी. सुमारे 360 फेऱ्यांत तीन लाखांच्या आसपास जनावरे गेली. त्यांत घोडे सर्वांत जास्त, मग गायी आणि खेचरे. एका फेरीचे मानधन 150 डॉलर. सगळेच गुराखी भाविक नव्हते, हेही सांगायला हवे. काही नुसते जग बघायला निघाले होते.

या प्रवासाची दिनचर्या वाचली की ‘मिशन’ या शब्दाभोवतीचे सोवळे गळून पडते. पहाटे उठायचे आणि तळमजल्यावरच्या दावणीकडे जायचे. एकेका माणसाकडे पंचवीस-तीस जनावरे. खालच्या कोठारातून गवताच्या गाठी दोराने वर ओढायच्या, सोडायच्या, वाटायच्या. पाणी बादल्यांनी पाजायचे. शेण-लीद भरून काढायची आणि समुद्रात टाकायची. मग दुपार, मग पुन्हा तेच. रात्री पहारा असे, कारण जहाज हेलकावू लागले की एखादे जनावर पडे आणि उठत नसे. गाय निदान बसते तरी. घोडे अख्खा प्रवास, पंधरवडाभर वा जास्त, उभ्यानेच काढत. त्यांतले कित्येक पश्चिमेकडच्या कुरणांतून थेट धरून आणलेले, माणसाळलेले नव्हतेच. लाथा आणि चावे रोजचे. उत्तर अटलांटिकच्या वादळात आधी गुराखी आडवे होत, मग जनावरे. मेलेल्या घोड्याला दोर बांधून यंत्राने वर उचलत आणि पाण्यात सोडून देत. शेतकऱ्याच्या पोराला हे बघणे सोपे नसावे. घरी एक जनावर दगावले तर चार दिवस चूल नीट पेटत नाही.

गाभण कालवडी वाटेत वीत. मग जहाजावर एकच धांदल. वासरू पुसायचे, वार पडली का बघायचे, चीक पाजायचा, आणि उरलेल्या दुधाची धार काढून खलाशांच्या स्वयंपाकघरात द्यायची. ज्या बोटीवर महिनोन्महिने डब्यातले दूध प्यायले गेले तिथे ताज्या दुधाचे अप्रूप किती असेल! रविवारी प्रार्थना, संध्याकाळी भजने, घरी पत्रे. परतीच्या वाटेवर कोठारे धुऊन काढली की काम उरत नसे. मग वाचन, पत्ते, मुष्टियुद्ध, कंटाळा.

आणि मधे ते चार-आठ दिवस, बंदरातले. ग्दान्स्कच्या नोवी पोर्टला जहाज लागे. शेताशिवाय फारसे काही न पाहिलेला सतरा वर्षांचा मुलगा धक्क्यावर उतरे आणि समोर शहर नसे, विटांचे ढीग असत. बाल्टिकच्या पाण्यात अजून सुरुंग तरंगत होते. पोरे हात पसरून येत. तिथे सिगारेट हे चलन होते, आणि चर्चच्या या गुराख्यांपैकीही काहींनी आपल्या सिगारेटी काळ्या बाजारात चढ्या भावाने खपवल्या. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्यांना ते आवडत नसे, पण ते घडले. पुण्यकार्याला निघालेली माणसेही माणसेच असतात, आणि ही नोंद त्या कार्याला कमीपणा आणत नाही. उलट तिच्यामुळेच बाकीच्या गोष्टी खऱ्या वाटतात.

काही गुराख्यांना खेड्यांत नेऊन कालवडी कुणाला मिळाल्या ते दाखवले जाई. ‘उन्रा’ची जनावरे त्या त्या सरकारच्या हवाली होत आणि पुष्कळदा शेतकऱ्याला ती पैसे मोजून घ्यावी लागत. हेफरच्या कालवडी मात्र फुकट आणि गरजूंनाच द्यायच्या, असा करार होता. पुढे याच मंडळींनी जपानला शेळ्या पाठवल्या, जर्मनीतल्या निर्वासित शेतकऱ्यांना कालवडी पाठवल्या. ज्यांच्याशी काल युद्ध होते त्यांच्या गोठ्यात आज आपली कालवड बांधायची, हे त्यांना जमले. युद्धाला नकार देणे ही नुसती नकाराची गोष्ट राहू नये, असे त्यांना वाटत असावे.

आज अमेरिकेतल्या चर्चमधून तरुणांचे गट आठ-दहा दिवसांसाठी मध्य अमेरिकेत, आफ्रिकेत, फिलिपिन्समध्ये जातात. एकसारखे टी-शर्ट घालून शाळेची भिंत रंगवतात, वाफे खणतात, फोटो काढतात, रडतात आणि परततात. या ‘मिशन’ सहलींवर त्यांच्याच पंथांतून कडक टीका झाली आहे. ज्या गावात गवंडी बेकार बसला आहे तिथे विमानभाडे भरून भिंत बांधायला जाणे हा उफराटा हिशेब आहे, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. दर्यावर्दी गुराख्यांचा मुक्काम तर याहूनही छोटा होता. तरी त्यांच्या फेरीला वजन आहे. का? ते गावाला शिकवायला गेले नव्हते, गावात राहायलाही नाही. ते हमाल होते. मागे उरायचे होते ते जनावर, आणि त्याला पोसायचे ज्ञान पोलंडच्या शेतकऱ्याकडे आधीच होते. नव्हती ती फक्त गाय. बाहेरच्या माणसाने नेमके तेवढेच नेऊन दिले आणि तो निघून आला. आमच्या मते मिशन फेरीची कसोटी ही आहे: तिथल्या माणसाकडे काय आहे हे ओळखून, नाही तेवढेच देणे.

अर्थात गायदानाचे सगळे गोड झाले असे नाही. अमेरिकेची धिप्पाड गाय इंडियानाच्या हिरव्यागार कुरणातून पोलंडला गेली तेव्हा हवा मानवली. तीच उष्ण, कोरड्या मुलखात गेली की तिला सावली, पाणी, हिरवा चारा आणि जनावरांचा डॉक्टर, सारेच लागते. गरिबाच्या दारी बांधलेली अशी गाय त्याचेच खाते. हे धडे त्या संस्थेने हळूहळू घेतले. जनावर देण्याआधी शेतकऱ्याने गोठा उभारायचा, चारा लावायचा, प्रशिक्षण घ्यायचे, मगच दावे हाती, अशी पद्धत पडली. सगळीकडे गाय द्यायची नाही. कुठे शेळी, कुठे कोंबड्या, कुठे मधमाश्या. रवांडात 2006 पासून सरकारनेच ‘गिरिंका’ नावाची योजना चालवली आहे. गरीब कुटुंबाला एक गाय, आणि तिची पहिली मादी वासरी शेजाऱ्याला. 1994 च्या वंशसंहाराने शेजाऱ्यावरचा भरवसाच जिथे संपला होता तिथे एका दाराची वासरी दुसऱ्या दारी जाते, याचे मोल दुधाच्या लिटरमध्ये मोजता येणार नाही. दुधाचेही मोजमाप झाले आहे: तिथे हेफरची जनावरे मिळालेल्या घरांत मुलांच्या पोटात दूध जास्त जाते, असे अभ्यासांत दिसले.

आता घराकडे वळू. 2006 मध्ये विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात दुभत्या जनावरांचे वाटपही होते. कापूस पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात संकरित गाय आली. चारा कुठला, पाणी कुठले, पेंडीचा भाव काय, दूध घालायचे कुठे, हे प्रश्न मागाहून आले. गाय घरातल्या माणसांपेक्षा जास्त खाते, ही तक्रार तेव्हा पत्रकार पी. साईनाथ यांच्या वार्तांकनातून देशभर पोहोचली. कुणी ती परत घ्या म्हणून विनवत होते, कुणी शेजाऱ्याच्या दावणीला बांधून मोकळे झाले. शेजाऱ्याकडे गाय गेलीच, पण वेस्टला अपेक्षित होती तशी नाही.

दुभत्या गायींचे आणि शेळ्यांचे गट अनुदानावर वाटण्याच्या योजना आजही राज्यात चालू आहेत. अर्ज ऑनलाइन, निवड सोडतीने, मग जनावरांची खरेदी, कानात बिल्ला, विमा, फोटो. कागद पुरे झाले की योजना पुरी झाली. लाभार्थी हा शब्दच असा आहे की ज्याला तो चिकटतो तो पुढे काही देणे लागत नाही, आणि देण्याचा मानही त्याला मिळत नाही. फुकट मिळालेली शेळी विकली गेली की अधिकारी कपाळाला हात लावतात. पण तिच्या पाठीवर शेजाऱ्याचा हक्क लिहिलेला असता तर ती विकण्याआधी गावानेच हटकले असते. सरकारी तपासनिसापेक्षा वासरीची वाट बघणारी शेजारीण अधिक बारीक लक्ष ठेवते. गाय आजारी पडली तर डॉक्टरला फोन ती करील, स्वतःच्या गरजेपोटी. या व्यवस्थेत भाबडेपणा नाही.

अडचणी आहेत, नाही असे नाही. निम्मी वासरे गोऱ्हे होतात. कालवड वयात येऊन गाभण राहायला दोन-अडीच वर्षे जातात, तेवढ्यात सरकार बदलते, योजनेचे नाव बदलते. जातीचा प्रश्न तर आहेच. वासरी कुणाच्या दारातून कुणाच्या दारात जाणार, यावर गावात राजकारण होईल. आणि मराठवाड्यात चैत्र-वैशाखात छावणीची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याला आधी चारा हवा, गाय नंतर. तरीही एखाद्या जिल्ह्यात, महिला बचत गटांच्या हाती, शेळ्यांपासून हे करून बघण्यासारखे आहे. शेळी दीड-दोन वर्षांत दोनदा विते, पिल्ले जुळी होतात, फिरती पूर्ण व्हायला वेळ लागत नाही.

पशुसंवर्धन खात्याने पुढच्या वर्षीच्या वाटपाचे निकष ठरवताना दोनच अटी वाढवाव्यात: जनावर येण्याआधी दारात वैरणीचा वाफा उभा हवा, आणि पहिले मादी पिल्लू शेजारच्या गरजू घरी गेले पाहिजे, ग्रामसभेसमोर. यासाठी नवी तरतूद लागत नाही, एक परिपत्रक पुरे.