भोपळवेल वांझ नसते

परसांत भोपळ्याची वेल लावावी, तिनें महिनाभरांत कुंपण गांठावें, दोन महिन्यांत मांडव झांकून टाकावा, पिवळ्याधमक फुलांनीं डोळे निववावे, आणि फळाच्या नांवानें मात्र पूज्य! हा अनुभव ज्यास आला नाहीं असा गृहस्थ विरळा. मग घरांतील वडीलधारीं माणसें म्हणतात, कोणीतरी कळीला बोट दाखविलें. शेजारी म्हणतो, बियाणें खोटें निघालें. आणि दुकानदार कांहीं एक न विचारतां औषधाची बाटली हातांत ठेवतो. आमच्या मतें या तिघांपैकीं पहिल्यांचें म्हणणें निदान निरुपद्रवी असतें, दुसऱ्याचें क्वचित् खरें असतें; तिसऱ्याच्या बाटलीनें मात्र धरूं पाहणारें फळही हातचें जातें. त्याविषयींच चार शब्द लिहावे म्हणून ही लेखणी उचलली आहे.

आमचें आयुष्य महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलें. पीक बुडालें म्हणजे पंचनामा, आणि पंचनाम्यांत कारणाचा एक रकाना. तो भरतांना आधीं शेतांत जाऊन पाहावें व मग लिहावें असा नियम. परंतु कचेरींत बसल्या बसल्या ‘रोग’ एवढा शब्द लिहून मोकळें होण्याचा मोह किती असतो हें आम्ही जाणतों. परसबागेचे हौशी मालकही तेंच करतात. वेलीजवळ जाऊन एक फूल जरी उलटून पाहिलें, तरी तिचीं निम्मीं दुखणीं हीं दुखणींच नव्हत असें कळून येईल.

तांबडा भोपळा, दुध्या, दोडका, काकडी, कारलें, पडवळ या साऱ्या कुळांत बहुधा एकाच वेलीवर नर फुलें निराळीं व मादी फुलें निराळीं येतात. नर फूल नुसत्या बारीक देठावर उभें असतें. मादी फुलाच्या बुडाशीं त्या जातीच्या फळाची चिमुकली प्रतिमा आधींच दिसत असते. वेल वयांत आली म्हणजे प्रथम येतात तीं बहुशः नर फुलें. तीं एक दिवस फुलून गळतात, आणि तें गळणें हा त्यांचा धर्मच होय. अशा फुलांचा सडा पाहून ‘वेल वांझ आहे’ असें ठरवून ती उपटून टाकणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. आठ-पंधरा दिवस थांबले असते तर मादी फुलें आलीं असतीं. कडक उन्हाळ्यांत नर फुलांचें प्रमाण अधिकच वाढतें. आणि युरिया मुठीमुठीनें घातला असेल तर वेल पानांनींच माजते व फळाची आठवण तिला राहत नाहीं. अशा वेलीस खत बंद करणें हेंच औषध.

मादी फूल उमललें, पण त्यावर नराचा पराग पडला नाहीं, तर बुडाचें इवलेंसें फळ पिवळें पडून, टोंकाकडून कुजून, चार-पांच दिवसांत गळतें. ज्याला लोक बोट दाखविल्याचा परिणाम म्हणतात तो पुष्कळदां हाच. पराग अपुरा पडला तर फळ धरतें, पण एका अंगानें बारीक किंवा वांकडें वाढतें. या फुलांचा पराग जड व चिकट असल्यामुळें तो वाऱ्यानें उडून जात नाहीं. तो मधमाशीनें किंवा दुसऱ्या एखाद्या कीटकानेंच न्यावा लागतो. त्यांतही प्रत्येक जातीची वेळ ठरलेली. तांबड्या भोपळ्याचें फूल पहांटे उमलतें व दुपारच्या आंत मिटतें. काकडी व कारलें हींही सकाळचीं. उलट दुध्याचें पांढरें फूल सायंकाळीं उमलतें. दोडका आणि पडवळ यांचीही तीच रीत. दुध्याकडे रात्रीचे पतंग येतात. म्हणून हातानें पराग लावावयाचा तो तांबड्या भोपळ्याला सूर्योदयाच्या सुमारास आणि दुध्याला दिवेलागणीच्या आधीं लावावा. नुकतें उमललेलें नर फूल खुडावें, त्याच्या पाकळ्या मागें सोलाव्या, आणि मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यभागीं हलकेच फिरवावा. दुध्याची वेल घेऊन सकाळीं नऊ वाजतां हा प्रयोग करणाऱ्यानें ‘शास्त्र खोटें’ असें म्हणूं नये.

आतां आमच्याच हातून घडलेली एक चूक येथें नमूद करतों. कांहीं वर्षांपूर्वीं तांबड्या भुंगेऱ्यांनीं आमच्या वेलीचीं कोंवळीं पानें चाळणीसारखीं केलीं. एका दुकानांतून औषध आणलें व सकाळीं आठ वाजतां, फुलें पूर्ण उमललेलीं असतांना, मोठ्या उत्साहानें फवारलें. भुंगेरे मेले खरे. पण दुसऱ्या दिवशीं फुलांच्या वाट्यांत मधमाशा मरून पडलेल्या दिसल्या, आणि शेजारच्या उंबरावर फुलोरी माशांचें जें लहानसें पोळें होतें तें आठवड्याच्या आंत ओस पडलें. पुढें महिनाभर मादी फुलें येत होतीं आणि गळत होतीं. आमचा तो हंगाम गेला त्याची खंत नाहीं. आम्हांस पेन्शन आहे. पण कुंपणापलीकडे एका बाईंच्या चार वेली होत्या व आठवड्याच्या बाजारांत त्यांची बैठक त्या वेलींच्याच भरंवशावर असे. एके सकाळीं त्यांनीं विचारलें, “भाऊसाहेब, औंदा भोपळा धरंनाच, काय झालं असंल हो?” आम्हीं ‘हवाच बरी नाहीं’ असें सांगून वेळ मारून नेली. खरें कारण त्यांना सांगावयास आम्हांस दोन महिने लागले. आणि मग उरलेल्या फुलांना पराग कसा लावावा तें त्यांच्या वेलीवरच दाखवून दिलें. तेव्हां परसबागेंतील फवारणी ही ज्याच्या त्याच्या कुंपणाच्या आंतली खासगी बाब आहे, असें आतां कोणी म्हटलें तर आम्हांस तें कबूल नाहीं. माशी सात-बारा पाहून फुलावर बसत नाहीं. फवारणें अगदींच प्राप्त असेल तर तांबड्या भोपळ्यावर तें सायंकाळीं, फुलें मिटल्यावर, करावें; आणि दुध्या, दोडका यांच्या फुललेल्या मांडवावर विष घालूंच नये.

भुंगेऱ्यांसाठीं विषाची गरजही नसते. रोप दोन-चार पानांचें असतांना ते खरा घात करतात. सकाळीं गारव्यांत ते सुस्त असतात, तेव्हां वेंचून साबणाच्या पाण्यांत टाकावे. एका आळ्यांत एकाच्या जागीं चार बिया टोंचाव्या, म्हणजे दोन रोपें त्यांनीं खाल्लीं तरी दोन उरतात. वेल मोठी झाल्यावर चार पानांना भोकें पडलीं म्हणून रडूं नये. वाटल्यास निंबोळीच्या गराची पूड पन्नास ग्रॅम, एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळीं शिंपडावी.

खरा शत्रु आहे तो फळमाशी. १८९९ सालीं हिचें शास्त्रीय वर्णन प्रथम झालें तें हवाई बेटांतील नमुन्यांवरून. परंतु ती मूळची आपल्याच देशाकडील असावी असें मानतात. मादी माशी कोंवळ्या फळाच्या सालींत सुईसारखा अवयव खुपसून आंत अंडीं घालते. त्या जागीं डिंकासारखा थेंब दिसतो. आंत अळ्या गर खातात, फळ वांकडें होऊन कुजतें, आणि अळी बाहेर पडून जमिनींत दोन-चार बोटें खोल कोशांत जाते. अळी फळाच्या आंत असल्यामुळें वरून मारलेलें औषध तिला पोंचत नाहीं, एवढी साधी गोष्ट ध्यानांत आली तरी किती पैसा वांचेल! आणि लोक करतात काय? किडकें फळ तोडून उकिरड्यावर फेंकतात. म्हणजे शत्रूची फौज आपणच सुखरूप छावणींत पोंचविली. असें फळ घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवींत आठ-दहा दिवस उन्हांत ठेवावें, किंवा हातभर खोल पुरावें. मांडवाखालची माती अधूनमधून खुरप्यानें हलवावी, म्हणजे कोश उघडे पडून उन्हानें मरतात व पाखरें ते टिपतात. फळ धरल्याबरोबर त्यावर कागदाची किंवा जुन्या धोतराच्या फडक्याची पिशवी चढविणें हा तर बिनखर्ची उपाय. मात्र पिशवी पराग पडल्यानंतर चढवावी, आधीं नव्हे.

बाजारांत क्यू-ल्यूरचे सांपळे मिळतात. ते चांगले आहेत, पण त्यांच्याकडे नर माशाच आकर्षिल्या जातात. एकट्या घरानें सांपळा टांगला तर शेजारच्या परसांतून फळलेली मादी यावयाची ती येतेच. सारी आळी मिळून सांपळे लावील व किडकीं फळें पुरील तरच गुण दिसतो. जपानांत ओकिनावा व आसपासच्या बेटांवर हीच माशी घालविण्याचें काम १९७२ सालीं सुरू झालें. प्रयोगशाळेंत वाढवून निर्बीज केलेल्या माशा अफाट संख्येनें सोडून १९९३ सालीं ती तेथून नाहींशी करण्यांत आली. तेवढी यंत्रणा आपल्या गांवांत कोठून येणार? पण दहा घरांनीं मिळून दहा खड्डे खणावयाला जपानास जावें लागत नाहीं.

पानांच्या रोगांविषयीं थोडक्यांत सांगतों. पानाच्या वरच्या अंगास पिठासारखी पांढरी पूड दिसते ती भुरी. परंतु तांबड्या भोपळ्याच्या कित्येक जातींच्या पानांवर शिरांच्या बेचक्यांत रुपेरी ठिपके जन्मतःच असतात. आमचे एक स्नेही तीन आठवडे त्या ठिपक्यांवरच औषध करीत होते. बोट घासून पाहावें. बोटाला पीठ लागलें तर भुरी, नाहीं तर तो पानाचा दागिना. १९९९ सालीं ब्राझीलमधील बेत्तिओल या शास्त्रज्ञानें भोपळ्याच्याच कुळांतील एका भाजीवर गाईच्या दुधाचा प्रयोग प्रसिद्ध केला. दहा भागांस एक भाग दूध अशा पाण्यानें भुरी पुष्कळ आटोक्यांत आली. घरांत पोरें दुधाला महाग असतां वेलीला दूध पाजा असें आम्ही म्हणणार नाहीं. पण भांडें विसळलेलें पाणी कोठें तरी ओतावयाचेंच असतें, तें वेलीवर शिंपून पाहण्यास हरकत नाहीं. गंधक मात्र कडक उन्हांत या वेलींना सोसत नाहीं, पानें भाजतात. पानाच्या वर पिवळे कोनदार डाग व खालीं करडी-जांभळट बुरशी असेल तर तो केवडा. त्याला ओलें पान लागतें. म्हणून पाणी बुडाशीं द्यावें, सायंकाळीं पानांवर झारी धरूं नये. आणि पानें आंखडून, फिकट-गर्द चट्ट्यांची नक्षी उमटून शेंडा खुरटला, तर तो विषाणूचा प्रकार होय. मावा व पांढरी माशी तो पसरवितात. त्याला औषध नाहीं. येथें मात्र आम्ही निष्ठुर आहों: वेल त्याच दिवशीं उपटावी. ‘जीव लावला आहे’ म्हणून ठेवलेली एक वेल साऱ्या आळीला भोंवते.

भर दुपारीं मोठीं पानें माना टाकतात म्हणून त्याच वेळीं घागरी ओतणारेही आहेत. सायंकाळीं पानें पुनः ताठ झालीं तर वेल निरोगी समजावी. सकाळींही तीं लोंबतच असतील तर मुळाशीं कीड किंवा कूज आहे. तेथें आणखी पाणी घालणें म्हणजे मरणास घाई करणें.

एक गोष्ट राहिली, आणि ती जीवाशीं गांठ घालणारी आहे. कडू लागलेला दुध्या खाऊं नये. त्याचा रस तर मुळींच पिऊं नये. या कुळांत कडू द्रव्य स्वभावतः असतें. निवडक बियाण्यानें तें कमी झालें आहे, पण केव्हां केव्हां तें उसळी घेतें, आणि बाहेरून फळ पाहून कांहीं एक समजत नाहीं. कडू दुध्याच्या रसानें ओकाऱ्या, रक्ताची उलटी, रक्तदाब खालावणें हे प्रकार आपल्या देशांत घडले आहेत व माणसेंही दगावलीं आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें नेमलेल्या तज्ज्ञांचा अहवाल २०१२ सालीं प्रसिद्ध झाला त्यांत हीच ताकीद आहे. ‘कडू तें औषधी’ या आपल्याकडील समजुतीनें येथें घात होतो. ‘घरचा आहे, टाकावा कसा?’ असें म्हणून गूळ घालून भाजी रेटणाऱ्या गृहिणींस आमची हात जोडून विनंति आहे कीं, चिरण्यापूर्वीं एक फोड जिभेस लावावी, कडू लागल्यास थुंकावी, आणि तें फळ गुरांनाही न घालतां पुरून टाकावें. रस प्याल्यावर पोटांत कालवाकालव होऊं लागली तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां दवाखाना गांठावा.

कारल्याच्या शेजारीं लावली म्हणून काकडी कडू झाली, हें मात्र खोटें. कारलें, काकडी, दुध्या व तांबडा भोपळा या वेगवेगळ्या जाती असून त्यांचा एकमेकांशीं संकर होत नाहीं. परंतु रानचा कडू भोपळा हा दुध्याचाच भाऊबंद आहे. त्याचा पराग आपल्या फुलावर पडला तर त्या वर्षींचें फळ बिघडत नाहीं. त्या फळाचें बीं पेरलें म्हणजे पुढील सालीं कडू फळ येण्याचा संभव असतो. म्हणून बियाण्यासाठीं राखावयाचें मादी फूल सायंकाळीं उमलण्याआधींच दोऱ्यानें बांधावें, त्याच वेलीचें नर फूलही बांधून ठेवावें, दिवेलागणीस दोन्ही सोडून हातानें पराग लावावा व मादी फूल पुनः बांधावें. फळ धरलें म्हणजे देठास चिंधी बांधून खूण करावी, आणि त्याच वेलीवरील दुसरें एक कोंवळें फळ चाखून पाहावें. तें गोड निघालें तरच खुणेचा दुध्या वेलीवर पुरता वाळूं द्यावा. तो हलविला असतां आंतलें बीं खुळखुळूं लागलें म्हणजे उतरवावा.