वणवा रोखणे हीच पहिली वृक्षलागवड

८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वणवा विझवताना तीन हंगामी मजूर होरपळून मरण पावले. दोघे जखमी झाले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचे ते दिवस होते. बातमी लवकरच मागे पडली. पुढे मार्च २०२३ मध्ये गोव्यातील म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांत आगी लागल्या, तेव्हा वायुदल व नौदलाच्या हेलिकॉप्टरांना जंगलावर पाणी ओतावे लागले. सह्याद्रीचे दमट अरण्यही पेट घेऊ शकते, हे त्या वेळी अनेकांना प्रथमच उमगले. विदर्भातील पानगळीचे वन आणि गोव्यातील सदाहरित वन यांची प्रकृती भिन्न. परंतु दोहोंपुढचा प्रश्न एकच आहे. गमावलेली जंगले परत मिळवायची असतील, तर सुरुवात कोठून करावी? आमच्या मते ती रोपापासून नव्हे, वणव्यापासून करावी लागेल.

तापमानवाढीचा आणि वणव्याचा संबंध समजण्यास अवघड नाही. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. पाऊस नसलेल्या महिन्यांत ही तहानलेली हवा जमिनीतील, गवतातील आणि पालापाचोळ्यातील ओलावा शोषून घेते. पूर्वी एप्रिलमध्ये कडकडीत वाळणारा पाला मग फेब्रुवारीतच वाळू लागतो. सन १९०१ पासूनच्या नोंदींनुसार कमाल तापमानाच्या बाबतीत देशातील सर्वांत उष्ण फेब्रुवारी २०२३ चाच होता आणि गोव्यातील आगी त्याच्याच पाठोपाठ लागल्या, हा निव्वळ योगायोग मानता येणार नाही. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदींनुसार २०२४ हे आजवरचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. म्हणजे धोक्याचे दिवस वाढत जाणार, हे गृहीत धरूनच आपल्याला पुढचा विचार केला पाहिजे.

मात्र उष्णता सरपण वाळवते. काडी ओढतो तो माणूस. आपल्या देशातील बहुतेक वणवे मानवनिर्मित असतात. विदर्भात मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो. तेंदूला कोवळी, मोठी पाने फुटावीत म्हणून झुडपांना आग दिली जाते. कुठे नवे गवत लवकर यावे म्हणून माळ जाळतात, तर कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजताना किंवा काजूच्या बागा साफ करताना उडालेली ठिणगी डोंगर गाठते. वसई-पालघरच्या आमच्या वाचकांना हे दृश्य नवे नाही. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार देशातील ३६ टक्क्यांहून अधिक वनक्षेत्र वारंवार लागणाऱ्या आगीच्या छायेत आहे. नोव्हेंबर २०२० ते जून २०२१ या एकाच हंगामात उपग्रहांनी देशभरातील जंगलांत ३ लाख ४५ हजारांहून अधिक अग्निबिंदू टिपले.

अशा आगीने नेमके काय जळते? आपल्याकडील वणवा बहुधा जमिनीलगत सरकतो. मोठी झाडे काळवंडतात, परंतु उभी राहतात. पहिल्या पावसानंतर डोंगर पुन्हा हिरवा दिसतो आणि काही बिघडले नाही असा समज होतो. प्रत्यक्षात त्या वर्षीची सारी बाळरोपे राख झालेली असतात. जाड सालीचा साग तग धरतो; पातळ सालीचे वृक्ष मरतात. उघड्या पडलेल्या जागेत घाणेरी आणि रानमोडी माजतात, त्या पुढच्या उन्हाळ्यात वाळतात आणि अधिक भडकून पेटतात. पाला जळाल्याने पहिल्या सरींतच माती वाहून जाते आणि खालच्या गावची विहीर लवकर आटते. दरवर्षी जळणारे जंगल हे मुले नसलेल्या घरासारखे असते: वडीलधारी उभी आहेत, पण त्यांच्यामागे कोणी नाही.

या पार्श्वभूमीवर आपल्या वृक्षलागवडीकडे पाहावे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहेतीस कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला. हेतूबद्दल आम्ही शंका घेत नाही. परंतु पुढे २०२१ मध्ये या मोहिमेच्या चौकशीसाठी विधिमंडळ समितीची घोषणा झाली, यावरून रोपे लावण्याची संख्या आणि जगलेल्या झाडांची संख्या हे दोन वेगळे हिशेब आहेत, एवढे तरी स्पष्ट व्हावे. जुलैत लावलेल्या रोपाची खरी परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये असते, आणि त्या वेळी तेथे छायाचित्रकार नसतात. शिवाय प्रत्येक उघडी जमीन म्हणजे हरवलेले जंगल नव्हे. सोलापूरकडील गवताळ माळ ही माळढोकासारख्या पक्ष्यांची स्वतंत्र सृष्टी आहे. तेथे झाडे लावणे म्हणजे एक अधिवास मोडून दुसऱ्याचा देखावा उभारणे होय. उलट जेथे खरोखर वन होते, तेथे जमिनीखाली जुनी खोडमुळे पुष्कळदा जिवंत असतात. आग आणि अनिर्बंध चराई काही वर्षे थोपवली, तर ती स्वतःच धुमारे फोडतात. हा मार्ग स्वस्त आहे, आणि त्यातून उगवणारे झाड त्या मातीचेच असते.

परंतु आग थोपवायची कोणी? वनरक्षक थोडे, बीट मोठे. फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसापर्यंतच्या आगीच्या हंगामात जाळरेषा काढल्या जातात, हंगामी मजूर नेमले जातात, उपग्रहाचा इशारा मोबाइलवर येतो; तरीही डोंगराशी पहिला पोहोचतो तो जवळच्या पाड्यातील माणूसच. त्याला ते जंगल आपले वाटते की सरकारचे, यावर बरेच काही अवलंबून असते. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्ती वापरण्याचा, तसाच तिचे संरक्षण व पुनरुज्जीवन करण्याचा अधिकार दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. देशातील अशा पहिल्या गावांत त्याची गणना होते. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला २०१२ मध्ये सुमारे एक हजार हेक्टरांवर हक्क मिळाला. तेथील ग्रामसभेने बांबूची विक्री आपल्या हाती घेतली आणि तेंदूपाने तोडणे बंद करण्याचा निर्णय केला. कारण पानांसाठी झुडपे छाटली जातात व आग लावली जाते. एवढेच नव्हे, जंगलाचा एक भाग गावाने देवराई म्हणून राखून ठेवला.

प्रत्येक गावाला हे शक्य आहे, असे आम्ही म्हणणार नाही. तेंदू हे विदर्भातील हजारो गरीब कुटुंबांचे उन्हाळ्यातील रोख उत्पन्न आहे. पाचगावजवळ बांबू होता. ज्यांच्याजवळ दुसरे काही नाही त्यांना त्यागाचा उपदेश करणे अन्यायाचे ठरेल. तेथे आग न लावता केवळ छाटणी करून पाने घेण्याची, मोहाखाली जाळी पसरण्याची किंवा पाला झाडून बाजूला करण्याची पद्धत रुजवावी लागेल. आग न लागलेल्या वर्षासाठी गावाला मोबदला द्यावा, ही कल्पनाही विचारात घेण्याजोगी आहे. आणि जे मजूर रोजंदारीवर आगीसमोर उभे राहतात, त्यांना प्रशिक्षण, योग्य पोशाख व विम्याचे संरक्षण मिळणे ही दयेची नव्हे, न्यायाची बाब आहे. नागझिऱ्यातील तीन कुटुंबांचे दुःख आपल्याला एवढे तरी शिकवो.

आपल्या धर्मग्रामांत आणि शाळांत दर पावसाळ्यात वृक्षारोपणाचे कार्यक्रम होतात, ते जरूर व्हावेत. त्यांच्या जोडीला आणखी एक दिनदर्शिका असावी, असे आम्हांला वाटते. जानेवारीत गावकऱ्यांसोबत जाळरेषा साफ करण्याची, फेब्रुवारीत राब व बागांची आग वाऱ्याचा अंदाज घेऊन, माणसे उभी करूनच लावण्याविषयी बोलण्याची, मे महिन्यात गेल्या जुलैतील रोपे मोजण्याची. या कामाला फलक लागत नाही आणि त्याचे उद्घाटनही होत नाही. परंतु ज्या डोंगरावर सलग पाच उन्हाळे वणवा चढला नाही, त्या डोंगराला पुन्हा हिरवा करण्यासाठी आपल्याला फारसे काही करावे लागणार नाही. उरलेले काम ते जंगल स्वतःच करील.