नळी फुटण्याची वाट पाहू नये

हरितगृहात गुलाब वा जरबेरा घेणाऱ्या, तसेच ठिबक सिंचनावर बागा जोपासणाऱ्या काही शेतकऱ्यांनी पाण्यात आम्ल व विद्राव्य खते ठरलेल्या मापाने सोडण्यासाठी पेरिस्टाल्टिक डोसिंग पंप बसविले आहेत. पंप बसविताना जी हौस दिसते ती त्याची निगा राखताना मात्र दिसत नाही. नळी फुटली म्हणजे बदलावयाची, असा रिवाज पुष्कळ ठिकाणी पडला आहे. हा रिवाज नुकसानीचा असून तो मोडणे आवश्यक आहे.

ह्या पंपाची रचना साधी आहे. एका गोल घरात लवचीक नळी बसविलेली असते व फिरत्या चक्रावरील रूळ तिला घराच्या भिंतीशी दाबीत पुढे जातात. गाईची धार काढताना सड दाबला की दूध पुढे सरकते, तसे नळीतील द्रव पुढे ढकलले जाते. रूळ पुढे गेला की नळी पुन्हा फुगून पहिल्यासारखी गोल होते व टाकीतील द्रव ओढून घेते. द्रवाचा स्पर्श केवळ नळीला होत असल्यामुळे पंपाच्या इतर भागांस आम्ल लागत नाही. पंपाचा हा मोठा गुण खरा. परंतु त्यामुळेच सारा भार नळीवर पडतो.

नळी फुटण्यापूर्वी थकते. सतत दाबली गेल्याने ती चपटी राहू लागते आणि प्रत्येक फेऱ्यास थोडे कमी द्रव ओढते. मोटर चालू असते, चक्र फिरत असते. म्हणून सारे ठीक आहे असे वाटते. समजा, पंप मिनिटास १०० मिलिलिटर द्रव सोडण्यास लावला आहे. तो ८० मिलिलिटरच सोडू लागला, तर आम्ल शेकडा २० ने कमी पडते. विहिरीचे पाणी जड असल्यास त्याचा सामू चढतो, ड्रिपरच्या तोंडाशी क्षार धरतात व पिकास लोह मिळेनासे होऊन कोवळी पाने पिवळी पडतात. शेतकरी खताला दोष देतो आणि आणखी खत घालतो. दोष नळीचा, खर्च खताचा, असा हा प्रकार आहे. शेवटी नळी फुटते तेव्हा आम्ल रुळांवर, मोटरवर आणि प्रसंगी कामावरील माणसाच्या हातावर व डोळ्यांवर उडते.

नळी महाग पडते व गावात मिळत नाही, अशी तक्रार असते. ती खोटी नाही. यास्तव पंप घेतानाच दोन जादा नळ्या मागवून सावलीत ठेवाव्यात. दुकानातील कोणतीही प्लॅस्टिकची नळी कापून बसविणे मात्र सर्वथा अयोग्य होय. नळीचा व्यास व जाडी बदलली की मात्रा बदलते, आणि एका द्रवाला टिकणारी नळी दुसऱ्याला टिकेलच असे नाही.

नळी किती तास टिकते हे उत्पादकाच्या पत्रकात दिलेले असते. पंपाचे तास वहीत मांडून मुदत संपण्यापूर्वीच ती बदलावी. महिन्यातून एकदा मोजमाप करावे. पंपाची शोषण नळी स्वच्छ पाण्याने भरलेल्या मापाच्या नळकांड्यात सोडून, नेहमीच्या दाबाखाली पंप पाच मिनिटे चालवावा व किती पाणी कमी झाले ते पाहावे. तूट शेकडा दहाहून अधिक आढळल्यास नळी बदलणेच इष्ट.

बदलताना प्रथम पंपातून स्वच्छ पाणी चालवून आम्ल धुऊन काढावे. नंतर वीज बंद करून दाब मोकळा करावा. चष्मा व रबरी हातमोजे घालूनच झाकण उघडावे. रूळ पुसून ते मोकळे फिरतात की नाही हे पाहावे. चक्र हाताने सावकाश फिरवीत नवी नळी पीळ न पडता व न ताणता बसवावी. शेवटी पुन्हा मोजमाप करावे. नव्या नळीची मात्रा जुनीइतकीच असेल असे गृहीत धरू नये. क्लोरीनयुक्त द्रव व आम्ल ह्यांचा कधीही संयोग होऊ देऊ नये. त्यातून विषारी वायू निघतो.

ज्यांना एवढी निगा राखणे शक्य नाही, त्यांनी व्हेंच्युरीवर काम भागविण्यात कमीपणा मानू नये. तिची मात्रा पाण्याच्या दाबाप्रमाणे कमीअधिक होते हे खरे. परंतु न मोजलेल्या पंपापेक्षा साधे साधन बरे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हरितगृहास भेट देताना पंप चालतो की नाही एवढेच विचारून थांबू नये. तासांची वही व शेवटचे मोजमाप पाहावयास मागावे. वही कोरी असेल, तर पिकाची पाने तपासण्यापूर्वी नळी तपासावी.