संस्थांचा योगक्षेम

वडिलांच्या स्मरणार्थ, मुलाच्या मुंजीनिमित्त अथवा सेवानिवृत्तीच्या प्रसंगीं एखाद्या सार्वजनिक संस्थेस देणगी देण्याची चाल आपल्या कुटुंबांतून आहे, व ती स्तुत्यच आहे. परंतु ही संस्था आणखी पंचवीस वर्षें टिकेल काय, हा प्रश्न देणारा क्वचितच विचारतो. मुलीसाठीं स्थळ पाहतांना आपण जितकी चौकशी करतों, तिच्या दशांशानेंही देणगी देतांना करीत नाहीं. म्हणून संस्थेच्या टिकाऊपणाची परीक्षा कशी करावी, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

संस्कृतांत योगक्षेम असा एक अर्थगर्भ शब्द आहे. जें नाहीं तें मिळविणें हा योग, व मिळालेलें राखणें हा क्षेम. आपल्याकडील संस्थाचालक योगांत बहुधा निपुण असतात. उद्घाटन होतें, वर्गणी जमते, इमारत उभी राहते. क्षेमाकडे लक्ष जाईपर्यंत मात्र छप्पर गळूं लागलेलें असतें.

पहिली कसोटी माणसांची. पुण्याचें न्यू इंग्लिश स्कूल १८८० सालीं निघालें, व त्यांतूनच १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी जन्मास आली. शाळेचे संस्थापक विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ सालींच निवर्तले. टिळक १८९० सालीं मतभेदामुळें बाहेर पडले. आगरकर १८९५ सालीं गेले. पंधरा वर्षांत तीन आधारस्तंभ गेले, तरी कार्य थांबलें नाहीं. कारण अल्प वेतनावर दीर्घकाळ सेवा करणाऱ्या आजीव सभासदांची परंपरा तेथें निर्माण झाली होती. अनाथ बालिकाश्रमाची १८९६ सालीं स्थापना करणाऱ्या अण्णासाहेब कर्व्यांनीं १९०८ सालीं निष्काम कर्म मठ काढला, तोही संस्थांना कार्यकर्ते मिळावे याच हेतूनें. अण्णासाहेब १९६२ सालीं निवर्तले. त्यांची संस्था आजही चालू आहे. तेव्हां संस्थेचें वय विचारण्यापूर्वीं तिच्यांत चाळिशीच्या आंतले कार्यकर्ते किती, व चिटणीस तीन महिने आजारी पडल्यास कारभार कोण पाहील, हें विचारावें.

परंतु माणसें मिळालीं म्हणजे सर्व झालें असें नाहीं. अमेरिकेंत शिकागो येथें जेन ॲडम्स व एलन स्टार या दोघींनीं १८८९ सालीं हल हाऊस ही संस्था काढली. ॲडम्सबाई १९३५ सालीं वारल्यानंतरही ती पाऊणशें वर्षें चालली, आणि २०१२ च्या जानेवारींत दिवाळें निघून बंद पडली. तिचें बहुतेक उत्पन्न सरकारी पैशाचें होतें. तो ओघ आटला तेव्हां दुसरा झरा जवळ नव्हता. एकाच विहिरीवर अवलंबून असलेल्या बागेची हीच गत होते.

द्रव्याची परीक्षा कशी करावी, याचा विचार टकमन व चँग या अमेरिकन विद्वानांनीं १९९१ सालीं मांडिला. दुबळेपणाचीं चार लक्षणें त्यांनीं सांगितलीं: शिल्लक निधी अल्प असणें, उत्पन्नाचे मार्ग थोडे असणें, वार्षिक आय-व्ययांतून कांहीं न उरणें, आणि व्यवस्थापनाचा खर्च फारच कमी असणें. चौथें लक्षण वाचून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. आपण तर ‘कचेरीवर एक पैसाही खर्च होत नाहीं’ हें ऐकून संतुष्ट होतों! परंतु ज्या संस्थेंत कचेरीचा खर्च मुळींच नाहीं, तिला अडचणीच्या वर्षीं काटकसर करावयास जागा उरत नाहीं. पहिला घाव थेट कामावर पडतो. शिवाय ज्याला पोटापुरतेंही मिळत नाहीं असा हिशेबनीस किती दिवस टिकणार?

शिल्लक निधीचें गणित मात्र सोपें आहे. समजा, एखाद्या वाचनालयाचा दरमहा खर्च ५० हजार रुपये आहे व कोणत्याही कामास बांधलेला नाहीं असा निधी ३ लाख आहे. तर सर्व आवक थांबली असतां तें ६ महिने जगेल. यांत इमारतीची किंमत धरूं नये, कारण भिंती विकून पगार देतां येत नाहीं. पारितोषिकासाठीं किंवा बांधकामासाठीं मिळालेली रक्कमही धरूं नये. ती दुसऱ्याची ठेव आहे. महाराष्ट्रांतील नोंदणीकृत सार्वजनिक न्यासांवर हिशेब ठेवण्याचें व तपासून घेण्याचें बंधन १९५० च्या कायद्यानें आहेच. पांच वर्षांचे ताळेबंद शेजारीं शेजारीं ठेवावे. निधी चढता आहे कीं उतरता, हें सहज कळतें.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. केवळ जगणें म्हणजे टिकणें नव्हे. ज्या कार्यासाठीं संस्था निघाली तें संपलें असेल, किंवा चालकांस त्याचें विस्मरण झालें असेल, तर भरलेली तिजोरी हा तिचा गुण नसून दोष होय. म्हणून यंदा कोणास काय लाभ झाला, हें त्याच ताळेबंदाशेजारीं मांडलेलें असावें. तें नसेल तर बाकीचे आंकडे व्यर्थ होत.

आणि वाचकहो, थोडा दोष देणाऱ्यांकडेही येतो. कोनशिलेवर नांव कोरून मिळतें म्हणून खोली बांधून देणारे शंभर भेटतात. त्या खोलींत शिकविणाऱ्याच्या वेतनासाठीं देणारा एखादाच. पुढील प्रसंगीं देणगीचा निदान अर्धा भाग कोणतीही अट न घालतां द्यावा, व नांवाचा आग्रह सोडावा. योग आपल्या पूर्वजांनीं साधिला. क्षेम साधणें हें आपलें काम आहे.