एकटी, रात्री, आणि बोटीने!

दोडामार्गातील आमच्या परिचयाच्या एका घरी नुकतेच मोठे वादळ झाले. घरची मुलगी शिक्षणासाठी जपानात आहे. ओसाकाहून बेप्पूला रात्रीच्या बोटीने एकटीच निघाले आहे, असे तिने कळविले मात्र, काकांनी कपाळाला हात लावला. एकटी, रात्री, आणि बोटीने! यांतील कोणतीही एक गोष्ट त्यांनी पोटात घातली असती. तिन्ही एकदम म्हणजे अविचाराची परिसीमा. याच घरातील आजी तरुणपणी कडेवर मूल घेऊन वेंगुर्ल्याहून मुंबईला बोटीने कितीदा एकटी गेली, हे मात्र त्या सभेत कोणी विचारले नाही.

दोडामार्गास समुद्र नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु या सह्याद्रीच्या पायथ्याची मुंबई पुष्कळ काळ समुद्रावरूनच होती. वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी अशी बंदरे घेत आगबोट रात्रभर चाले, आणि गिरणीत जाणारा चाकरमानी भाऊच्या धक्क्यावर उतरे. या प्रवासाचे आम्ही गोडवे गात नाही. हेलकावणाऱ्या पडावातून बोटीवर चढताना भल्याभल्यांची गाळण उडे. ज्याला बोट लागे त्याची रात्र कठड्याशी जाई. तथापि डेकवर पथारी पसरली की एकटे माणूस एकटे राहत नसे. शेजारची अनोळखी बाई मूल सांभाळी, डबा उघडला की घास पुढे करी. आज रात्रीच्या गाडीत पडदा ओढून निजणाऱ्या प्रवाशास शेजारच्याचे गावही ठाऊक नसते. तरी तो प्रवास सुरक्षित आणि बोटीचा तेवढा धोक्याचा!

धोक्याचे नाव निघाले की 'रामदास' पुढे केली जाते. १७ जुलै १९४७ रोजी, भर पावसाळ्यात, मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट बुडाली व सहाशेंहून अधिक माणसे गेली. त्या दुःखाविषयी आम्ही हलकेपणाने बोलणार नाही. परंतु जपानातही २६ सप्टेंबर १९५४ रोजी हाकोदाते येथे तुफानात 'तोया मारू' बुडून अकराशेंहून अधिक माणसे मेली. जपान्यांनी त्यानंतर समुद्राखालून बोगदा खणला. तो १९८८ साली रेल्वेस खुला झाला. आणि तरीही आओमोरी-हाकोदाते बोटी आजही, अगदी रात्रीदेखील, चालतात! ओसाका-बेप्पू मार्गावर तर १९१२ साली 'कुरेनाई मारू' सुरू झाली होती. तेच नाव धारण करणारी नवी बोट २०२३ पासून तेथे धावते. तिच्यात न्हाणीघर आहे, आणि स्वस्त वर्गाचा प्रवासीही रात्रभर पाठ टेकू शकतो. ज्या देशाची आगगाडी जगात नावाजलेली, तो देश बोट मोडीत काढीत नाही. आमच्याकडे मात्र १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्रवासी बोट बंद पडली, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू होताच 'आता बोट कशाला?' या प्रश्नालाच उत्तर समजण्यात आले. गणपतीत त्याच रेल्वेच्या दाराशी लोंबकळणाऱ्यांस हा प्रश्न विचारून पाहावा.

मध्यंतरी २०१८ साली मुंबई-गोवा 'आंग्रिया' निघाली. परंतु ती चैनीच्या पर्यटनाची बोट. पत्र्याची ट्रंक घेऊन गावी निघालेल्या बाईचे तिच्यात काय काम? आम्हांस हवी आहे ती साधी रात्रबोट: पावसाळ्यात खुशाल बंद राहणारी, मोजून माणसे घेणारी, बायकांस निजण्यास वेगळी जागा देणारी, आणि वेंगुर्ल्यास पडावाची कसरत न करविता थेट धक्क्यास लागणारी. यात अशक्य ते काय आहे, हे कोणी सप्रमाण सांगितल्यास आम्ही अवश्य ऐकून घेऊ.

मुलगी सकाळी बेप्पूला सुखरूप उतरली. काकांना बंदोबस्ताविषयी पुष्कळ विचारायचे होते. पण फोन आधी आजीच्या हाती गेला.

"बोट लागली काय गो तुका?" एवढेच तिने विचारले.