सौद्यात हलकं पारडं कुणाचं?

दिवाळी सरली की नाशिकच्या अनंत कान्हेरे मैदानाभोवती आणि चहाच्या टपऱ्यांवर तरुण मुलांच्या गप्पांना एकच विषय पुरतो: यंदा आयपीएलमध्ये कोण कुठल्या संघात जाणार? २०२४ च्या लिलावात नाशिकच्याच रामकृष्ण घोषला चेन्नईने ३० लाखांना घेतलं, तेव्हापासून तर ही चर्चा घरची झाली आहे.

लिलाव सगळ्यांना माहीत असतो. पण त्याच्या आधी आणखी एक व्यवहार चालतो, तो अदलाबदलीचा. एक संघ आपला खेळाडू दुसऱ्याला देतो आणि बदल्यात दुसरा खेळाडू किंवा पैसे घेतो. खेळाडूची संमती लागते, पण सौदा ठरतो मालकांमध्ये. जाहीर झाला की त्याच दिवशी निकाल लागतो: यांनी त्यांना लुबाडलं, त्यांना हा महागात पडला.

आपल्या जिल्ह्याला असा हिशेब नवा नाही. लासलगावला कांदा विकून घरी पोहोचेपर्यंत भाव वर गेला की शेतकरी कपाळाला हात लावतो. चाळीत ठेवला आणि भाव पडला, तरी तेच. पण कांदा एकदा विकला की त्याची गोष्ट संपते. माणसाची संपत नाही. सौदा झाल्यावरही तो शिकतो, घडतो, कधी पडतो, पुन्हा उठतो. म्हणून माणसांच्या सौद्यातलं पारडं एका जागी राहत नाही.

आपल्या शेजारच्या संगमनेर तालुक्यातल्या अजिंक्य रहाणेचंच पाहा. २०११ पासून तो राजस्थान रॉयल्सचा आधार होता, पुढे कर्णधारही झाला. २०१९ च्या हंगामाच्या मध्यावर त्याचं कर्णधारपद काढून स्टीव्ह स्मिथला दिलं गेलं. दोनच दिवसांनी त्याने दिल्लीविरुद्ध नाबाद १०५ धावा काढल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राजस्थानने त्याला त्याच दिल्लीकडे सोपवलं आणि बदल्यात राहुल तेवतिया व मयंक मार्कंडे हे दोन फिरकीपटू घेतले. कसोटी संघाचा उपकर्णधार देऊन दोन लहान नावं घेतली, म्हणजे राजस्थान फसलं, असं वाटावं असाच तो सौदा होता.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये शारजात पारडं फिरलं. पंजाबविरुद्ध २२४ धावांचा पाठलाग चालू होता आणि तेवतियाला चेंडू बॅटवर घेता येत नव्हता. १९ चेंडूंत त्याच्या ८ धावा झाल्या होत्या. मग शेल्डन कॉट्रेलच्या एका षटकात त्याने पाच षटकार मारले आणि सामना फिरवला. त्या हंगामात त्याने २५५ धावा आणि १० बळी घेतले. रहाणेच्या खात्यावर दिल्लीसाठी जमल्या फक्त ११३ धावा. कागदावर याहून एकतर्फी सौदा शोधावा लागेल.

आता त्याच कागदाची दुसरी बाजू वाचा. त्या ११३ पैकी ६० धावा रहाणेने शेवटच्या साखळी सामन्यात बंगळूरविरुद्ध काढल्या. त्या विजयाने दिल्लीला गुणतक्त्यात दुसरं स्थान मिळालं आणि पुढे दिल्ली पहिल्यांदाच अंतिम फेरीत गेली. ज्या राजस्थानने सौदा ‘जिंकला’, तो संघ तळाला राहिला. आणि ज्या माणसाला ‘हलकं पारडं’ ठरवलं, त्याने काही आठवड्यांनी, ३६ धावांत गारद झालेल्या भारतीय संघाची जबाबदारी घेतली, मेलबर्नला ११२ धावा काढल्या आणि ऑस्ट्रेलियात २-१ ने मालिका जिंकून दिली.

याच दिल्लीचा आणखी एक सौदा आहे, २०१८ चा. शिखर धवनला हैदराबादकडून आणण्यासाठी दिल्लीने तिघांना दिलं: विजय शंकर, शाहबाज नदीम आणि अठरा वर्षांचा अभिषेक शर्मा. पुढच्या तीन हंगामांत धवनने दिल्लीसाठी १७२६ धावा काढल्या. मग सौदा कुणी जिंकला? २०२१ ला विचारलं असतं, तर उत्तर एकच होतं. पण अभिषेक वाढत होता. २०२२ च्या लिलावात हैदराबादने त्याला साडेसहा कोटींना पुन्हा घेतलं. २०२४ मध्ये त्याने ४८४ धावा फटकावल्या आणि संघ अंतिम फेरीत गेला. १२ एप्रिल २०२५ ला पंजाबविरुद्ध त्याने ५५ चेंडूंत १४१ धावा केल्या, आयपीएलमधली भारतीय फलंदाजाची तोवरची सर्वोच्च खेळी.

आणि शाहबाज नदीम? झारखंडचा हा डावखुरा फिरकीपटू त्या सौद्यात ‘तिघांपैकी एक’ होता. त्याच्या काही आठवडे आधीच त्याने विजय हजारे स्पर्धेत १० धावांत ८ बळी घेऊन जागतिक विक्रम केला होता. देशांतर्गत क्रिकेटमध्ये वर्षानुवर्षं बळी घेत तो थांबला होता. सौद्यानंतर वर्षभरात, ऑक्टोबर २०१९ मध्ये, रांचीत त्याला कसोटीची टोपी मिळाली आणि त्याने चार बळी घेतले.

परदेशातही हेच घडतं. बर्फावरच्या हॉकीत कॅनडा-अमेरिकेतले संघ अशा अदलाबदली सतत करतात. १९९२ मध्ये क्यूबेकच्या संघाने एरिक लिंड्रॉस हा तरणाबांड खेळाडू फिलाडेल्फियाला दिला, कारण त्याने क्यूबेककडून खेळायलाच नकार दिला होता. बदल्यात खेळाडूंची रांग आणि दीड कोटी डॉलर मिळाले. त्या रांगेत पीटर फोर्सबर्ग होता. लिंड्रॉस मोठा खेळाडू झाला, पण स्टॅनली चषक त्याच्या हाती कधी आला नाही. फोर्सबर्गच्या संघाने तो १९९६ आणि २००१ मध्ये जिंकला. दुर्दैव एवढंच की १९९५ मध्ये तो संघ क्यूबेकहून डेन्व्हरला हलवला गेला होता. सौदा क्यूबेकने केला आणि ईद डेन्व्हरमध्ये साजरी झाली.

कधी कधी दोन्ही पारडी वर राहतात. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईने हार्दिक पंड्याला गुजरातकडून पैसे मोजून आणलं. २०२४ मध्ये मुंबई दहावी आली, गुजरात आठवं. वानखेडेवर आपल्याच प्रेक्षकांनी हार्दिकची हुर्यो उडवली. जूनच्या अखेरीस त्याने विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं शेवटचं षटक टाकलं, आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. माणूस तोच, मैदान तेच, मध्ये जेमतेम तीन महिने.

वाचकहो, हे सगळं एका कुटुंबाच्या मासिकात कशाला, असं वाटेल. तर अशासाठी की हाच तराजू आपल्या घरातही टांगलेला असतो. दस्तरखानावर बसल्या बसल्या आपण भाव लावतो. चाचांच्या मुलाला चांगली नोकरी लागली, आमचा अजून क्लासच करतोय. एक मुलगी डॉक्टर झाली, दुसरी ‘नुसती’ शिवणकाम करते. त्या घराने सून चांगली मिळवली, आमची फसगत झाली. ज्याच्याबद्दल बोलणं चालू असतं, तो बहुतेक वेळा तिथेच समोर, ताटावर मान खाली घालून बसलेला असतो.

संघाने खेळाडू का सोडला, याची कारणं बरीचशी संघाची असतात: पैशांचं गणित, डावखुऱ्याची गरज, नवा प्रशिक्षक. त्यातून खेळाडूची लायकी कळत नाही. रहाणेला २०२३ साठी चेन्नईने अवघ्या ५० लाखांत घेतलं. वानखेडेवरच्या पहिल्याच सामन्यात त्याने २७ चेंडूंत ६१ धावा काढल्या, हंगामात ३२६, आणि चेन्नईने चषक जिंकला. त्याच जूनमध्ये तो कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना खेळला, ८९ आणि ४६. पुढच्या मार्चमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने ४२ वा रणजी करंडक जिंकला. मधल्या वर्षांत त्याचा भाव चढला, उतरला. सराव मात्र त्याने सोडला नाही.

आपल्या गल्लीतली शंभर मुलं किट घेऊन मैदानावर जातात. त्यातल्या बहुतेकांचं नाव कुठल्याच लिलावात येणार नाही, हेही त्यांना प्रेमाने सांगायला हवं आणि पुस्तकं सुटणार नाहीत हे पाहायला हवं. पण निवड चाचणीच्या यादीत ज्याचं नाव लागलं नाही, त्याला त्या रात्री दुसऱ्याचं नाव ऐकवू नका. जेवायला वाढा, आणि उद्या सकाळी किती वाजता उठवायचं तेवढं विचारा.